जो मॉन्टानाची कार्डं जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू? ग्रेडेडच (कंपनीनं तपासून दहापैकी ग्रेड दिलेली, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद) घ्यावीत का?

नुकतेच बे एरियात आलात, ऑफिसातल्यांमुळे फोर्टीनाइनर्सचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, नाद लागला आणि आता ‘गुंतवणूक म्हणून’ त्यांच्या ऐंशीच्या दशकातल्या क्वार्टरबॅकची (पास टाकणाऱ्या खेळाडूची), मॉन्टानाची कार्डं घ्यायची आहेत, असं तुम्ही लिहिलंय. गुंतवणूकच करायची असेल तर इंडेक्स फंडात टाका आणि निवांत झोपा. कार्डं आवडत असतील तरच पुढचं वाचा.

मॉन्टानाचं खरं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, एकच: टॉप्स कंपनीचं, १९८१, नंबर २१६. तो १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, तिसऱ्या फेरीत, ८२ वा निवडला गेला, पण टॉप्सनं त्याला कार्ड दिलं ते दोन वर्षांनी. कारण कार्डाच्या मागेच आहे. पहिल्या सीझनला गड्यानं मोजून २३ पास टाकलेत. एवढ्यावर कोण कार्ड काढणार? हे कार्ड पोरांच्या हाती आलं तेव्हा सहकारी ड्वाइट क्लार्कला दिलेला त्याचा प्रसिद्ध पास, म्हणजे ‘द कॅच’, व्हायचा होता. तो जानेवारी १९८२ चा. त्यामुळे पोरांनी हे कार्ड इतरांसारखंच वापरलं, खिशात कोंबलं, रबरबँड लावून ठेवलं. कोपरे धड असलेली कार्डं महाग मिळतात ती यामुळे.

माझं कार्ड धड नाही. आणि इथेच आमच्या साडूंचा विषय निघतो.

जानेवारी १९८९ मध्ये, सिनसिनाटीविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मॉन्टानानं शेवटच्या तीन मिनिटांत संघाला ९२ यार्ड पुढे नेऊन सामना काढला, तेव्हा आम्ही सॅन होजेला नवे होतो. मला धड नियमही कळत नव्हते, तरी तो माणूस डोक्यात बसला. पुढे एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो होता, तिथे एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे हे २१६ नंबर दिसलं. चार स्क्रूच्या जाड अ‍ॅक्रिलिकमध्ये आवळून ठेवलेलं. मी म्हटलं, बाहेर काढून दाखवा. तो कुरकुरला, पण त्यानं खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. चित्र डावीकडे सरकलेलं, तिकडची पांढरी किनार जेमतेम नखाएवढी. मागे करड्या पुठ्ठ्यावर तेलकट डाग, पाकिटातल्या च्युइंगगमचा. किमतीत घासाघीस केली आणि घेतलं.

एका दिवाळीत फराळाला आलेल्या साडूंनी ते पाहिलं. चकलीचे हात पुसले आणि लगेच फोनवर दहा ग्रेडचे भाव काढून सगळ्यांना वाचून दाखवायला लागले. “ताई, घरात सोनं पडलंय आणि तुमचे हे त्याला वहीत ठेवतात!” मी शांतपणे सांगितलं की दहा ग्रेडला सेंटरिंग, म्हणजे चित्र किनारींच्या मधोमध असणं, जवळपास नेमकं लागतं, याचं तर उघड्या डोळ्यांनी वाकडं दिसतंय. त्यात डाग. पाच आला तरी पुष्कळ. तर म्हणे, “ग्रेड नसलेलं कार्ड म्हणजे रद्दी.” तेव्हापासून प्रत्येक सणाला हाच वाद. पाच ग्रेडच्या कार्डासाठी फी भरा, महिनोन्‌महिने वाट बघा, आणि शेवटी काय, तर वाकडं आहे हे दुसऱ्यानं प्लॅस्टिकवर छापून दिलं! मला माझं कार्ड हातात धरायला आवडतं. मुलीला टक्केवारी शिकवली ती याच्याच मागच्या १९८० च्या आकड्यांवरून, २७३ पैकी १७६ पास पूर्ण. बिल्डिंगमधल्या पोरांना सफरचंदं वाटून शिकवण्यापेक्षा हे बरं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मधल्या दर्जाचं, पण चेहरा स्वच्छ असलेलं सुटं कार्ड शोमध्ये समोरासमोर बघून घ्या. त्यानंतर ऐंशीच्या दशकातली त्याची बाकीची टॉप्स कार्डं लावत जा, ती फार महाग नाहीत. १९९३ पासूनची, तो कॅन्सस सिटीच्या संघात गेल्यावरची, त्या वेषातली कुणाला आवडत असतील तर आवडोत. मला ती बघवत नाहीत.

हो, एक राहिलंच. ऑनलाइन घेणार असाल आणि रक्कम मोठी असेल, तर मात्र ग्रेडेडच घ्या. या कार्डाच्या नकला भरपूर आहेत, पुनर्मुद्रणंही आहेत. समोर कार्ड असेल तर भिंग लावून नावाची अक्षरं बघा. खऱ्या कार्डावर फोटोत ठिपके दिसतात, पण काळी अक्षरं भरीव आणि कडेला रेखीव असतात. अक्षरांतही ठिपके असतील तर स्कॅन करून छापलंय, परत द्या. (साडूंना हा परिच्छेद दाखवू नये. ते फक्त पहिलं वाक्य वाचतील.)

आणि १९९० च्या सुमारची सीलबंद खोकी कुणी ‘दुर्मिळ’ म्हणून विकत असेल तर हात लावू नका. त्या वर्षांत प्रो सेट, स्कोर वगैरे कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की मॉन्टानाचंसुद्धा चिल्लरीत मिळतं. ज्यांनी मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून तेव्हा गॅरेज भरून ठेवलं, त्यांची मुलं शिकून नोकरीला लागली, खोकी तशीच आहेत. तुम्हाला गंमत म्हणून फोडायला एखादं हवं असेल तर मेसेज करा. फ्रीमाँटला आमच्या एका नातेवाइकांकडे फुकट मिळेल, गाडी मात्र मोठी आणा, कारण ते एक देणार नाहीत, सगळी देतील.