जपानमध्ये ऑफिसातल्या मुलीने 14 फेब्रुवारीला मला चॉकलेट दिलं. तिला मी आवडतो का? आणि मला परत काही द्यावं लागेल का?

बहुतेक नाही, आणि हो, नक्की द्यावं लागेल. शेजारच्या टेबलावर तसाच डबा होता का ते आठवून बघा. असेल तर ते गिरी-चोको, म्हणजे रीत म्हणून सगळ्यांना वाटलेलं चॉकलेट, त्यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही. खरं तर एवढं लिहून थांबायला हरकत नव्हती, पण परत द्यायचं म्हटलं की पुरुषांच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात त्या मी स्वतःच्या घरात बघितल्या आहेत, त्यामुळे आता जरा सविस्तरच लिहिते.

मी आणि नवरा, आम्ही दोघं नागोयाला होतो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, कंपन्या वेगळ्या. माझ्या सेक्शनमध्ये पुरुष ढीगभर आणि बायका मोजून चार-पाच. जानेवारी संपत आला की आमच्यातली सगळ्यात सीनियर बाई हळूच पाकीट घेऊन फिरायची, प्रत्येकीने 500 येन टाकायचे. कुणी जबरदस्ती करत नाही हं, पण नाही म्हणून दाखवा! मग यादी. कोण कोण पुरुष, कॉन्ट्रॅक्टवरचे धरायचे का, जो महिनाभर ओसाकाला गेलाय त्याचा डबा ठेवायचा का, काचोला, म्हणजे सेक्शनच्या साहेबाला, सगळ्यांइतकाच द्यायचा की थोडा मोठा, मोठा दिला तर बाकीच्यांना काय वाटेल. हे सगळं लंच ब्रेकमध्ये, दबक्या आवाजात. आणि मी सगळ्यात नवीन म्हणून खरेदीचं काम माझ्याकडे.

नागोया स्टेशनवरच्या ताकाशिमाया नावाच्या मोठ्या दुकानात त्या दिवसांत चॉकलेटचा केवढा मोठा सेल भरतो ते तिथे राहिलेल्यांना माहीत असेल, मुंगीला शिरायला जागा नसते. बायका सकाळपासून रांगा लावून उभ्या, आणि त्यातल्या कितीतरी स्वतःसाठी घेत होत्या, भारीतलं, फ्रेंच नावाचं वगैरे. त्यांचं मला पटलंच. मी मात्र हातात पुरुषांची यादी घेऊन एका डब्यात किती नग आणि एक नग कितीला पडतो याचा हिशोब करत उभी, तिकडे माझं टेस्टिंग अर्धवट. 14 तारखेला आम्ही बायकांनी लवकर यायचं, प्रत्येकाच्या टेबलावर डबा ठेवायचा, वर कार्ड: सर्व महिला कर्मचाऱ्यांकडून. पुरुष येणार, मान लववून आरिगातो म्हणणार, डबा ड्रॉवरमध्ये. संपलं.

ही काही फार जुनी परंपरा वगैरे नाही, कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका. दुकानदारांनी काढलेलं आहे सगळं. कोबेच्या मोरोझोफ या चॉकलेट कंपनीने 1936 साली इंग्रजी पेपरात व्हॅलेंटाईनची जाहिरात दिली होती, कुणी ढुंकून बघितलं नाही. 1958 साली मेरी चॉकलेटने तोक्योत शिंजुकूच्या इसेतान या मोठ्या दुकानात सेल लावला तर तीन दिवसांत विक्री जेमतेम 170 येन! तरी चिकाटी सोडली नाही, पुढच्या वर्षी बदामाच्या आकाराची चॉकलेटं आणली, आणि बाईने पुरुषाला द्यायचं हे हळूहळू लोकांच्या डोक्यात बसवलं. मग 70 च्या दशकाच्या शेवटी फुकुओकाच्या इशिमुरा मानसेइदो नावाच्या मिठाईवाल्याने पुरुषांनी 14 मार्चला मार्शमॅलो देऊन परतफेड करावी अशी टूम काढली, आणि 1980 पासून मिठाईवाल्यांच्या संघटनेने तोच दिवस व्हाइट डे म्हणून देशभर चालवला. म्हणजे दोन महिने धंदा.

आता आमचे हे. त्याच दिवशी संध्याकाळी पिशवीभर डबे घेऊन घरी. "बघ किती गोड पद्धत आहे, आपल्याकडे कोण विचारतं!" मी दिवसभराची वैतागलेली, तरी गप्प बसले. मार्च उजाडला. जपानी कंपन्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं, त्यामुळे सगळ्यांचीच डेडलाइन, माझीही आणि त्याचीही. 12-13 तारखेला रात्री जेवताना स्वारीला आठवलं की अरे, परत द्यायचंय. आणि मग ते वाक्य: "तूच आण ना, तुला त्यातलं कळतं."

का कळतं मला? फेब्रुवारीत मी यादी घेऊन फिरले म्हणून? म्हणे त्याच्या काचोची बायकोसुद्धा दरवर्षी हेच करते, नवऱ्याला कुणीकुणी दिलंय ते विचारून घेते आणि तितक्या पिशव्या बांधून देते. आणि हे त्याने मला कौतुकाने सांगितलं! तेवढ्यात आमच्या ऑफिसात व्हाइट डेला कुकीजचे डबे आले, इतके नीटनेटके, रिबिनीबिबिनीसकट, की ते आमच्या एकाही पुरुषाने निवडलेले नाहीत हे लांबून कळत होतं. म्हणजे बघा, फेब्रुवारीत ऑफिसातल्या बायकांनी आणायचं, मार्चमध्ये घरच्या बायकांनी आणायचं, आणि नोकरी करणारी बायको असेल तर तिने दोन्ही वेळा. पुरुषांनी नुसती ने-आण करायची आणि थँक्यू घ्यायचं.

यावर नवऱ्याचं ठरलेलं उत्तर आहे, आता पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी तेच: "मग तुम्ही संक्रांतीला हळदीकुंकू करता, वाण लुटता, तेव्हा नाही का याद्या करत?" अरे पण हळदीकुंकवाला मी माझ्या मैत्रिणींना बोलावते, साहेबाला नाही. आणि नाही केलं एखाद्या वर्षी तर माझ्या अप्रेझलला काही होत नाही. हे त्याला पटत नाही, त्याचं म्हणणं 500 येनचा मी इश्यू करते. पैशाबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही हे इथे लिहून ठेवते, कारण तो हे उत्तर वाचणार आहे.

2018 च्या फेब्रुवारीत गोडिवा या चॉकलेट कंपनीने निक्केई पेपरात मोठी जाहिरात दिली, की गिरी-चोको बंद करूया, आणि कंपन्यांच्या वरच्या लोकांनीच बायकांना सांगावं की ओढूनताणून देऊ नका. चॉकलेटवाल्याने असं म्हणावं! नवरा म्हणाला त्यांचं महागडं चॉकलेट असं घाऊक कोण वाटतंय, त्यांचं काय जातंय. ते खरंही असेल, पण बोललं कुणीतरी. त्यावर ब्लॅक थंडर या स्वस्तातल्या चॉकलेटवाल्यांनी उलट टोला दिला, की ज्याचं त्याचं मत, आमचं चालू राहील. ब्लॅक थंडर आमच्या आइचीतच, म्हणजे नागोया ज्या प्रांतात आहे तिथेच, तोयोहाशीला बनतं, तेव्हा 30 येनच्या आसपास मिळायचं, आणि बघताक्षणी गिरी कळावं अशीच त्यांची जाहिरात असायची. मला विचाराल तर द्यायचंच असेल तर तेच द्यावं, कुणाचा गैरसमज नको आणि तुमच्यासारखे प्रश्नही पडायला नकोत.

तर तुम्ही काय करायचं. 14 मार्चच्या आत स्वतः दुकानात जा. 14 ला शनिवार-रविवार असेल तर शुक्रवारीच द्या. तिप्पट परत करायचं असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, गिरीसाठी ते मनावर घेऊ नका, साधारण तेवढ्याच किमतीचं किंवा थोडंसं वरचं पुरे. सुटी सुटी पाकिटं असलेल्या कुकीज घ्या. मार्शमॅलो नको, गंमत अशी की ज्याच्यापासून दिवस सुरू झाला ते दिलं तर आता तू आवडत नाहीस असा अर्थ काढतात, शिवाय त्यात जिलेटिन असतं, शाकाहारी असाल तर चाखूनही बघता यायचं नाही. कँडी दिली तर उलटा अर्थ निघतो म्हणे, तेव्हा तीही नको. सगळ्या बायकांनी मिळून दिलं असेल तर बाकीच्या पुरुषांना गाठा आणि वर्गणी काढा, यादी या वेळी तुम्ही करा. बांधून काउंटरवरच देतात, छान देतात, त्यासाठी घरी कुणाला जागवायला लागत नाही. लग्न झालंय की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही, झालं असेल तर मुद्दाम सांगतेय.

आता राहिलं ते सांगते. हे सगळं माझ्या वेळचं आणि माझ्या ऑफिसचं. कितीतरी कंपन्यांनी ही पद्धत आता बंद केलीय, त्यामुळे तुमच्याकडे बाकी कुणालाच मिळालं नसेल आणि फक्त तुम्हाला मिळालं असेल, तर वरचं अर्धं उत्तर सोडून द्या. जिन्यात किंवा स्टेशनवर एकटं गाठून दिलं असेल, घरी बनवलेलं असेल, वर चिठ्ठी असेल, तर ते होनमेई, खरंखुरं प्रेमाचं. मग 14 मार्चची वाट बघत बसू नका, तिच्याशी बोला. आणि चिठ्ठी जपानीत असेल तर वाचून दाखव म्हणून ऑफिसातल्या कुणाकडे नेऊ नका, फोनवर भाषांतर करा.