12 अँटेना असूनही दोन टार्गेट एकच का दिसतात?

प्रश्न: आमच्याकडे 77 गिगाहर्ट्झचा रडार बोर्ड आहे, 3 ट्रान्समिट आणि 4 रिसीव्ह अँटेना, म्हणजे 12 व्हर्च्युअल अँटेना (प्रत्येक ट्रान्समिट-रिसीव्ह जोडीमागे एक). एका अंतरावरची, 5 अंशांनी लांब असलेली दोन टार्गेट सिम्युलेशनमधे केपॉन (अँगल बारकाईने शोधायची एक पद्धत) लावलं की मस्त सुटी दिसतात, पण खऱ्या डेटात एकच ढीग येतो, आणि गाडी समोरून येत असली तर भलत्याच अँगलला अजून एक गाडी उगवते. अल्गोरिदम बदलू का?

उत्तर: अल्गोरिदमला एवढ्यात हात लावू नका, आधी फेज (लहर तिच्या चक्रात नेमकी कुठे आहे ते) तपासा. तुमचे ट्रान्समीटर एकाआड एक चालू होत असणार, आणि तेवढ्या वेळात गाडी थांबून राहत नाही ना. हिशोब करा, गाडी सेकंदाला 10 मीटरने येतेय आणि दोन ट्रान्समीटरमधे 60 मायक्रोसेकंद आहेत असं धरलं तर गाडी 0.6 मिलीमीटर सरकते, जाऊन-येऊन 1.2, आणि वेव्हलेंग्थच जेमतेम 3.9 मिलीमीटर, म्हणजे फेज जवळपास 110 अंशांनी हलली! ही दुरुस्ती न करता 12 चॅनेल एकत्र केले की बरोब्बर समोरची गाडी 8-9 अंश बाजूला दिसते आणि दुसऱ्या बाजूला 20 अंशांच्या आसपास भूत उभं राहतं. तुमची दुसरी गाडी बहुतेक हीच.

डॉपलरवरून (गाडीच्या वेगामुळे इकोत होणाऱ्या बदलावरून) वेग काढून फेज सुधारायची, पण इथेच बरेच जण फसतात. तीन ट्रान्समीटर पाळीपाळीने चालवले की न गुंडाळता, म्हणजे भलताच आकडा न दाखवता, मोजता येणारा वेगही तिपटीने घटतो, वरच्या आकड्यांत तो साधारण 5.4 मीटर प्रति सेकंद, म्हणजे 10 चा वेग उलट्या दिशेने 0.8 दिसणार आणि दुरुस्ती दर ट्रान्समीटरमागे नेमकी 120 अंशांनी चुकणार. म्हणून 0, 120, 240 तिन्ही शक्यता लावून बघा, ज्यात पीक सगळ्यात टोकदार येतो ती खरी. कॅलिब्रेशनही करा, लांबवर समोर एकच कॉर्नर रिफ्लेक्टर (लहर आली तशी परत पाठवणारा धातूचा कोपरा) ठेवून प्रत्येक चॅनेलची फेज नोंदवून घ्या.

आता केपॉन. 1969 ची ही पद्धत फार सुंदर आहे, पण तिला कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (अँटेनांचे सिग्नल एकमेकांशी किती जुळतात त्याचा तक्ता) नीट लागतो. एकाच स्नॅपशॉटवरून (सगळ्या अँटेनांच्या एका वेळच्या मोजमापावरून) 12 बाय 12 चा मॅट्रिक्स उलटवताच येत नाही, साधारण 24 तरी स्नॅपशॉट हवेत, आणि दोन्ही टार्गेट स्थिर असतील तर त्यांचे इको एकमेकांशी बांधलेले असतात, तिथे कितीही स्नॅपशॉट घेतले तरी फायदा नाही, स्पेशियल स्मूदिंग (अँटेनांच्या रांगेचे, म्हणजे अॅरेचे, एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे घेऊन सरासरी) करावंच लागतं. त्यात अॅरे 8 चा होतो, थोडं डायगोनल लोडिंगही (मॅट्रिक्सच्या कर्णावर छोटी संख्या मिळवणं) घाला. आणि एक खरं सांगतो, 12 अँटेनांचा साधा बीम 8.5 अंश रुंद असतो आणि 8 चा जवळजवळ 13, त्यामुळे 5 अंश सुटे करायला सिग्नल चांगला जोरकस हवा, सिम्युलेशनमधे तो तुम्ही फुकट दिलेला असतो.

प्रश्न: हॅमिंग विंडो (कडेच्या अँटेनांचं वजन कमी करणं) लावावी का?

उत्तर: मोठ्या टार्गेटशेजारचं बारकं शोधायचं असेल तर जरूर, साइडलोब (मुख्य बीमच्या बाजूचे नको असलेले उंचवटे) मुख्य बीमच्या 13 डेसिबल खालून 40 च्या आसपास खाली जातात. पण बीम दीडपट रुंद होतो, त्यामुळे सारख्याच ताकदीची दोन टार्गेट सुटी करायची असतील तर नको.