फोर्ड मॉडेल ए ब्रेक दाबल्यावर डावीकडे ओढते. मेस्त्री म्हणतात रॉड (पेडलची ओढ चाकांपर्यंत नेणाऱ्या सळ्या) आखडा, नाहीतर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक बसवा. काय करावे?

तुमच्या मेस्त्रींचे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या गाड्यांपासून दिले. मॉडेल ए पासून तोवरच्या त्यांच्या गाड्या रॉड किंवा केबलच्याच ब्रेकवर धावत होत्या आणि व्यवस्थित थांबतही होत्या.

आमची मॉडेल ए देवगडला आहे. पेडल खाली जाऊ लागले तेव्हा आमच्या दादांनी चारही रॉडच्या टोकांचे काटे (पिन बसते ते दुतोंडी जोड) फिरवून रॉड आखडले. पेडल वर आले आणि घरातले सगळे निश्चिंत झाले. त्याच आठवड्यात कोल्हापूरहून परतताना, दाजीपूर मागे टाकून फोंडा घाट उतरत असताना, एका वळणावर मी ब्रेक दाबला आणि गाडी अशी डावीकडे ओढली गेली की पुढचे चाक डोंगराकडच्या गटारात उतरूनच ती थांबली. शेजारी आई बसली होती.

घरी गाडी घोडीवर चढवून उजव्या पुढच्या चाकाच्या रॉडची पिन काढली. ती मधोमध झिजून निम्मी झाली होती आणि काट्याचे गोल भोक लांबट झाले होते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिथे गंज धरतो, तो घासून निघतो आणि पुन्हा धरतो. म्हणजे डावे चाक जास्त धरत नव्हते, उजवे उशिरा धरत होते. शिवाय रॉड आणि लिव्हर (चाकाजवळ रॉड ज्याला ओढतो तो दांडा) यांच्यात काटकोन होतो तेव्हा ओढ सर्वांत जास्त लागते. रॉड आखडल्यामुळे लिव्हर पाय ठेवण्याआधीच त्या जागी आला होता आणि दाबल्यावर ती ओलांडून पुढे जात होता.

दादा आजही म्हणतात की त्या दिवशी पावसाने लायनर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) भिजले होते. भिजलेला लायनर दोन-चारदा दाबल्यावर पुन्हा धरू लागतो. आमचा ब्रेक घाटभर तसाच राहिला, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे.

तेव्हा आधी पिना आणि बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) बदला. मग पेडल पूर्ण सोडलेले असताना, लिव्हर जराही न ओढता पिन सहज आत जाईल एवढीच रॉडची लांबी ठेवा आणि पुन्हा तिला हात लावू नका. लायनरची झीज भरून काढायला प्रत्येक ड्रममागच्या प्लेटवर चौकोनी डोक्याचा बोल्ट आहे; चाक घासू लागेपर्यंत तो आवळा आणि एक खटका मागे घ्या. शेवटी सीट आणि पेडल यांच्यामध्ये फळी अडकवून पेडल अर्धे दाबलेले ठेवा आणि चाके हाताने फिरवून डावी-उजवी सारखी जड लागतात का, ते पाहा.

एक राहिलेच: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि लायनरला तेल लागलेले दिसले, तर वरचे सगळे करूनही गाडी ओढतच राहील. आधी गळती काढून लायनर बदलावा लागेल.