युग्मन, सांगड की जुंपणी?

नांदेडच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. डोप केलेल्या रेअर-अर्थ मँगनाईटांवर, म्हणजे लँथॅनम, यिट्रियम, टर्बियमसारखं मूलद्रव्य, मँगनीज आणि ऑक्सिजन यांच्या स्फटिकात थोडं परकं मूलद्रव्य मिसळलेल्या पदार्थांवर, तिचा प्रबंध आहे. मराठी सारांशाचं शीर्षक तिनं 'चुंबकीय आणि पराविद्युत कपलिंग' असं ठेवलंय. 'कपलिंग'ला मराठीत काय लिहावं, जोडणी, सांगड की युग्मन, असं ती विचारते. मार्गदर्शक युग्मन म्हणतात, पण तिला तो शब्द परका वाटतो.

ताई, आधी वस्तू काय आहे ते पाहू, म्हणजे शब्द निवडणं सोपं जाईल. पदार्थाचं चुंबकत्व ही एक गोष्ट, आणि विद्युतक्षेत्राला तो कसा प्रतिसाद देतो, म्हणजे त्याचा पराविद्युत गुण, ही दुसरी. बहुतेक पदार्थांत एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. यिट्रियम मँगनाईटचं तसं नाही. तापमान साधारण 70 केल्विनपर्यंत उतरलं की मँगनीजचे चुंबकीय आघूर्ण (प्रत्येक अणूचं इवलंसं चुंबक) शिस्तीत लागतात, आणि नेमक्या तिथंच पराविद्युत स्थिरांकाच्या आलेखात वाकण दिसतं. वळण घेतलं चुंबकत्वानं, जाणवलं ते विजेच्या बाजूला.

आता सांगड. दोन होड्या किंवा ओंडके बांधून केलेला तराफा ती सांगड, आणि आपल्या गंगाकाठी (आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात) या शब्दाला वेगळी ओळख लागत नाही. शब्द मला फार आवडतो. पण बांधल्यावर दोन ओंडक्यांना स्वतःची चाल उरत नाही, दोन्ही मिळून एकच तराफा होतो. शिवाय सांगड कोणीतरी 'घालतं'. स्फटिकात ती कोणी घातलेली नसते. जोडणी तर सोडूनच द्या, ती गॅसची आणि नळाची झाली आहे. 'संबंध' फार पातळ पडतो.

माझ्या डोळ्यांपुढं येतं ते जू. आमच्या शेतात एक लाल कंधारी आणि एक देवणी अशी बैलांची विजोड जोडी होती. पेरणीला वडील तिफण धरायचे आणि मी बांधावरून बघत असे. कंधारी चालीचा तेज, देवणी संथ. कंधारीनं पाऊल उचललं की जू तिरकं व्हायचं, शिवळ देवणीच्या मानेला घासायची आणि तो मान हलवायचा. दोन बैल दोनच राहिले, रंग वेगळा, चाल वेगळी; पण एकाची हालचाल दुसऱ्याच्या मानेवर उमटायची. तुमच्या आलेखातलं वाकण ते हेच.

आणि गंमत अशी की 'युग्मन' परका नाहीच. संस्कृतात 'युग' म्हणजे जू. प्राकृतातून घासत घासत त्याचंच मराठीत 'जू' झालं. युग्म, युगुल, योग ही सगळी 'युज्' धातूची लेकरं, इंग्रजीतला 'योक'सुद्धा याच गोतातला. म्हणून माझं मत असं: शीर्षकात युग्मन ठेवा, कारण शास्त्राच्या मराठीत तो रुळला आहे. मजकुरात मात्र क्रियापद 'जुंपणे' बिनधास्त वापरा: 'या मँगनाईटात चुंबकीय क्रम आणि विद्युत ध्रुवण एकमेकांना जुंपलेले आहेत.' (ध्रुवण म्हणजे धन आणि ऋण भार किंचित बाजूला सरकणं.) हे वाक्य तुमच्या आईलाही कळेल.

शब्दापेक्षा मोठी अडचण मला तुमच्या शीर्षकाच्या रचनेत दिसते. 'चुंबकीय आणि पराविद्युत युग्मन' वाचलं की दोन युग्मनं आहेत असं वाटतं, एक चुंबकीय, एक पराविद्युत. त्यातून 'चुंबकीय युग्मन' ही स्वतंत्र गोष्ट आहेच: शेजारशेजारच्या मँगनीज आयनांचं ऑक्सिजनमार्फत जुळणारं नातं. तुम्हाला म्हणायचंय दोन गुणांमधलं नातं. तेव्हा 'चुंबकीय व पराविद्युत गुणधर्मांमधील युग्मन' लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

आणखी एक सांगतो, कारण इथं शब्द चुकला तर निष्कर्षच चुकतो. लँथॅनमच्या जागी थोडा कॅल्शियम किंवा स्ट्रॉन्शियम घातला की तीन धनभाराच्या जागी दोन येतात, तूट भरायला काही मँगनीज तीनवरून चारवर जातात, आणि नमुन्यातून वीज वाहू लागते. भट्टीत भाजलेल्या पेलेटमध्ये (भुकटी दाबून केलेल्या चकतीत) मग कण आणि कणांच्या सीमा यांचा विद्युतरोध वेगवेगळा असतो, सीमेवर भार साचतो, आणि पराविद्युत स्थिरांक फुगून दिसतो. चुंबकीय क्षेत्र लावलं की रोध बदलतो, सोबत धारकतेचा (भार साठवण्याच्या क्षमतेचा) आकडाही हलतो. हे युग्मनाशिवायही घडू शकतं, हे 2006 साली भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताऊ कॅटलान यांनी दाखवून दिलं. दोन बैल एकाच पांदीनं पाठोपाठ चालले म्हणजे ते जुंपलेले नसतात. म्हणून विद्युतक्षेत्राची वारंवारता बदलून मोजल्याशिवाय आणि रोधाचा वाटा वेगळा काढल्याशिवाय 'युग्मन' लिहू नका. तोवर 'क्षेत्रानुसार बदल' पुरे.

अस्सल जुंपणी बघायची तर टर्बियम मँगनाईट घ्या. 41 केल्विनच्या आसपास चुंबकीय क्रम येतो, 28 च्या आसपास त्या क्रमाला मळसूत्री पीळ पडतो, आणि त्या पिळातूनच विद्युत ध्रुवण जन्मतं. 2003 साली जपानी संशोधक किमुरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चुंबकीय क्षेत्र लावल्यावर ते ध्रुवण काटकोनात वळतं. मला तर हे वाचताना कासरा ओढल्यावर वळणारा बैलच दिसला.

बाकी शब्दांचं थोडक्यात. रेअर-अर्थला 'विरल मृदा' चालेल, 'दुर्मिळ माती' नको. त्यातला सीरियम भूकवचात जवळपास तांब्याइतका सापडतो. डोपिंगला 'भेसळ' अजिबात नको, इथं कोणी कोणाला फसवत नाही. 'बदली आयन' म्हणा. रजेवरच्या माणसाच्या जागी बदली येतो, तसा कॅल्शियम लँथॅनमच्या जागेवर बसतो. आणि युग्मनाचं बळ सांगताना 'प्रबल' आणि 'क्षीण' लिहा. बोलताना 'घट्ट' आणि 'सैल' म्हणालात तरी बिघडत नाही. जू सैल होतं, तसं युग्मनही होतं.