दीर्घ सागरी सफरीसाठी निवृत्तिनिधीतून पैसे काढावेत का?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, यजमानांचे वय ६४, माझे ६१. मुले दूर असल्याने सुट्टीच्या दिवसांत घर सुने वाटते, म्हणून गेल्या वर्षी नाताळ ते नववर्ष अशी १४ दिवसांची सागरी सफर केली. जहाज नुसते समुद्रातून चालत असे, ते दिवस आम्ही वरच्या डेकवर चालण्यात, वाचण्यात आणि पाण्याकडे पाहण्यात घालवले आणि तेच आम्हाला सर्वांत आवडले. बंदरांवरच्या सहली धावपळीच्या झाल्या, नववर्षाच्या रात्री डेकवर उभे राहायला जागा नव्हती आणि यजमानांना ताप आल्याने जहाजावरच्या दवाखान्यात दोनदा जावे लागले. तरीही उतरण्याआधी आम्ही पुढच्या सफरीसाठी अनामत रक्कम भरली. आता डिसेंबरच्या मध्यापासून ६० दिवसांची सफर करावी असे वाटते. बाल्कनीच्या केबिनचे दोघांचे भाडे आमच्या १४ महिन्यांच्या घरखर्चाइतके आहे. प्रवासासाठी वेगळे ठेवलेले पैसे ११ महिन्यांच्या खर्चाइतके आहेत. आपत्कालीन निधी त्याहून वेगळा आहे. निवृत्तिनिधी २० वर्षांच्या खर्चाइतका असून ६० टक्के घरखर्च पेन्शनमधून भागतो. कमी पडणारी रक्कम निवृत्तिनिधीतून काढावी का? शक्य झाल्यास अशी सफर दर दोन वर्षांनी करण्याची इच्छा आहे. मागच्या वेळचे बिल आणि नवे दरपत्रक सोबत जोडले आहे.

उत्तर : आपण सर्व आकडे घरखर्चाच्या महिन्यांत मांडलेत, हे फार उपयोगी झाले. त्याच मापाने मीही हिशेब करतो. सुट्टीत घरापासून दूर जावे की नाही, हा आपल्या दोघांचा प्रश्न आहे आणि त्यात सल्लागाराने नाक खुपसू नये. पैशांपुरते माझे मत असे की आपण या सुट्टीत जरूर जावे, मात्र ६० दिवसांसाठी जाऊ नये आणि निवृत्तिनिधीला हातही लावू नये.

प्रथम एकूण खर्च पाहू. भाडे १४ महिन्यांचे असले तरी सफर १४ महिन्यांत होत नाही. गेल्या वर्षी जहाजावरचा अंतिम हिशेब भाड्याच्या ३५ टक्के झाला होता. दीर्घ सफरीत हे प्रमाण थोडे उतरते, कारण बंदरे त्याच पटीत वाढत नाहीत; पण कर्मचाऱ्यांच्या टिपची (बक्षिसीची) रक्कम दर माणशी, दर दिवशी आपल्या केबिनच्या खात्यावर आपोआप लागत राहते आणि ६० दिवसांत ती चांगलीच फुगते. म्हणून २५ टक्के, म्हणजे साडेतीन महिने धरा. विमानप्रवास आणि जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीचा हॉटेलमुक्काम यांचे दीड महिना, विमा आणि व्हिसा यांचा एक. बेरीज २० महिने होते. आपण घरी नसताना किराणा, वीज आणि येण्याजाण्याचा खर्च वाचतो; तो दोन महिन्यांचा मिळून साधारण एक महिना वजा करू. निव्वळ खर्च १९ आणि हाताशी ११, म्हणजे तूट आठ महिन्यांची.

ही तूट एकदाच भरून काढायची असती तर मी फार अडवले नसते. आपला निधी २४० महिन्यांचा आहे. पेन्शनखेरीज लागणारा ४० टक्के खर्च, म्हणजे वर्षाला ४.८ महिने, आपण त्यातून काढता. हे प्रमाण निधीच्या २ टक्के आहे आणि ते निश्चिंत राहण्यासारखे आहे. आठ महिने आणखी काढल्यास त्या वर्षी ते ५.३ टक्क्यांवर जाईल. अमेरिकन नियोजनकार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तिथल्या बाजारांचा इतिहास तपासून मांडलेला ठोकताळा असा की पहिल्या वर्षी निधीच्या सुमारे ४ टक्के काढून पुढे महागाईनुसार वाढवत गेल्यास तो ३० वर्षे पुरतो. तो सर्वत्र जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि आपले वय ६१ असल्याने ३० वर्षांहून अधिक काळाची तरतूद करावी लागेल. तरी एका वर्षाच्या अतिरेकाने एवढा निधी बुडत नाही.

अडचण आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यात आहे. दर दोन वर्षांनी १९ महिने म्हणजे वर्षाला सरासरी साडेनऊ. त्यात नेहमीचे ४.८ मिळवले की दरवर्षी निधीच्या सुमारे ६ टक्के रक्कम बाहेर पडेल. निवृत्तीच्या सुरुवातीच्या वर्षांत बाजार पडलेला असताना इतकी रक्कम काढावी लागली, तर पुढे बाजार सावरूनही निधी पूर्वपदावर येणे कठीण जाते, कारण विकून टाकलेल्या गुंतवणुकीला त्या तेजीचा लाभ मिळत नाही. ही सवय आपल्या निधीला झेपणार नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

आता गेल्या वर्षीच्या बिलाकडे वळू. शेवटच्या रात्री केबिनच्या दाराखालून सरकवलेला तो चार पानी कागद मी आपल्या पत्राशेजारी ठेवून वाचला आणि एक गंमत लक्षात आली. पत्रात आपण ज्या गोष्टींबद्दल आनंदाने लिहिले आहे, त्यांतली एकही त्या कागदावर नाही. सकाळी डेकवर चालणे, खुर्चीत बसून वाचणे, दुपारी पाण्याकडे पाहत राहणे, हे सारे मूळ भाड्यातच येते. बिलातील सर्वांत मोठी रक्कम पेयांच्या पॅकेजची आहे. यजमानांना ते हवे होते आणि आपण मद्य घेत नाही. तरी अनेक कंपन्यांच्या नियमाप्रमाणे एका केबिनमधील एका प्रौढाने ते घेतले की दुसऱ्यालाही घ्यावे लागते, आणि वर सेवाशुल्क वेगळे. त्याखालोखाल त्या धावपळीच्या सहली आहेत. मग दवाखाना आणि वाय-फाय, शिवाय छायाचित्रे, ज्यांचा पत्रात उल्लेखही नाही. थोडक्यात, आपल्याला जहाजावरची सर्वांत स्वस्त गोष्ट आवडते आणि पैसे मात्र इतरत्र गेले आहेत.

यावरून माझी सूचना अशी. बहुतेक दीर्घ सफरी टप्प्याटप्प्यानेही विकल्या जातात, आणि आपल्या दरपत्रकाच्या दुसऱ्या पानावर याच सफरीचा पहिला ३२ दिवसांचा टप्पा आहे. नाताळ आणि नववर्ष दोन्ही त्यात येतात. खिडकीच्या केबिनचे दोघांचे भाडे सहा महिन्यांच्या खर्चाइतके आहे. पेयांचे पॅकेज न घेता आणि मोजक्याच सहली करून जहाजावरचा खर्च १.२ महिन्यांत बसवावा. टप्पा वेगळ्या बंदरात संपत असल्याने परतीचे विमान महाग पडेल, म्हणून विमान आणि हॉटेलसाठी १.८ धरू, विमा आणि व्हिसासाठी ०.६. एकूण ९.६ महिने होतात. आपल्या ११ महिन्यांत हे बसते आणि थोडे उरतेही. सुट्टीचा हंगाम वर्षातला महागडा असतो, त्यामुळे या टप्प्याचा रोजचा दर पूर्ण सफरीच्या मानाने चढा भासेल आणि विक्रेता नेमके त्यावरच बोट ठेवील. रोजचा दर कमी दिसतो म्हणून आणखी २८ दिवस विकत घेणे ही बचत होत नाही.

बाल्कनी सोडणे जिवावर येईल, हे मी समजू शकतो. पण खालच्या डेकवरील, जहाजाच्या मध्यभागाजवळची केबिन खवळलेल्या समुद्रात कमी हलते, आणि आपण दिवसभर वरच्या डेकवरच असता, हे आपणच लिहिले आहे. सहलींच्या बाबतीत एक सावधगिरी मात्र ठेवावी. स्वतःच्या जबाबदारीवर फिरायला गेल्यास जहाज उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा खर्च मग आपल्या खिशातून होतो. म्हणून लांबच्या स्थळांसाठी जहाजाचीच सहल घ्यावी आणि बाकी ठिकाणी बंदराच्या आसपास पायी फिरावे.

विम्यावर काटकसर करू नका. जहाजावरील दवाखाना खासगी दराने आकारणी करतो, ती रक्कम थेट केबिनच्या खात्यावर पडते, आणि घरच्या आरोग्य विम्यातून ती मिळेलच असे नाही. हेलिकॉप्टरचा पल्लाही मर्यादित असतो. भर महासागरात रुग्णाला हलवायचे तर जहाजाला दिशा बदलून जवळच्या बंदराकडे जावे लागते, आणि तिथून विशेष विमानाने घरी आणण्याचा खर्च पूर्ण सफरीच्या भाड्याहूनही अधिक होऊ शकतो. त्यामुळे वैद्यकीय स्थलांतर, सफर रद्द करणे आणि मध्येच सोडणे या तिन्हींचे संरक्षण असलेली पॉलिसी घ्या आणि दोघांचेही जुने आजार अर्जात लिहा. न लिहिलेल्या रक्तदाबामुळे दावा फेटाळला जाणे हे फार ओळखीचे दुःख आहे.

प्रवासमार्गाची हमी कोणी देत नाही. तिकिटाच्या करारात बंदरे बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवते, आणि न गेलेल्या बंदराचे शुल्क परत देण्यापलीकडे तिच्यावर सहसा बंधन नसते. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक दीर्घ सफरींची जहाजे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून गेली. मार्च २०२० मध्ये तर कितीतरी सफरी अर्ध्यावर थांबल्या. विशिष्ट बंदरासाठीच पैसे मोजणाऱ्याला याचा मनस्ताप होतो. आपला ओढा समुद्राकडे असल्याने आपल्याला तो कमी होईल.

दर दोन वर्षांच्या इच्छेलाही वाट आहे. हंगाम बदलताना जहाजे एका महासागरातून दुसऱ्या महासागरात हलवली जातात. वसंत आणि शरद ऋतूतील या एकमार्गी सफरींत बंदरे मोजकीच असतात, समुद्रातले दिवस भरपूर असतात आणि रोजचा दर बराच कमी असतो. सुट्टी त्यात येत नाही, एवढीच उणीव. दरवर्षी साडेतीन ते चार महिन्यांच्या खर्चाइतके पैसे प्रवासासाठी बाजूला टाकल्यास, नेहमीच्या रकमेसह निधीतून काढण्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत राहते आणि दोन वर्षांत अशा सफरीपुरती रक्कम जमते.

अंतिम रक्कम भरण्याची तारीख दिनदर्शिकेत आजच नोंदवून ठेवा. ती साधारणपणे प्रस्थानाच्या तीन-चार महिने आधी येते आणि त्यानंतर रद्द करण्याची कपात पायरीपायरीने वाढत शंभर टक्क्यांवर जाते. त्याआधी दोन गोष्टी लेखी मागवा : भरलेली अनामत ३२ दिवसांच्या टप्प्याला वळवता येते का, आणि निवडलेला दर परताव्याचा आहे की बिनपरताव्याचा. अनामत वळत नसेल, तर ती बुडू नये म्हणून ६० दिवसांची सफर घेऊ नका. जाणारी ती रक्कम वर काढलेल्या आठ महिन्यांच्या तुटीच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही.