'एचआयव्ही सर्व्हेलन्स'ला पाळत म्हणावे का?

प्रश्न : कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजचा रेड रिबन क्लब १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी पत्रक काढतो आहे. त्यात 'एचआयव्ही सर्व्हेलन्स'ला 'एचआयव्ही पाळत यंत्रणा' आणि 'सेंटिनल साइट'ला 'प्रहरी केंद्र' असे लिहिले आहे. चालेल का?

उत्तर : 'पाळत' कृपा करून काढा. मराठीत पाळत माणसावर ठेवतात, आणि बहुतेकदा संशयावरून. हे पत्रक वाचून एखादी बाई सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीची (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राची) पायरी चढायला घाबरली, तर तेवढ्या एका शब्दाने मोठे नुकसान होईल. शिवाय अर्थही उलटा होतो.

आपल्याकडे १९९८पासून देशभर घेतल्या जाणाऱ्या सेंटिनल फेऱ्यांची, म्हणजे निवडक केंद्रांवर ठरावीक काळाने होणाऱ्या नमुना-तपासणीची, रूढ पद्धत पाहा. ठरलेल्या दवाखान्यात, तीन महिन्यांच्या मुदतीत, १५ ते ४९ वयाच्या ज्या गरोदर स्त्रिया त्या फेरीत पहिल्यांदाच तपासणीला येतात, त्यांना आल्या क्रमाने घेतात. ४०० नमुने भरले की केंद्राचे काम संपले. नेहमीच्या तपासण्यांसाठी काढलेल्या रक्तातलाच थोडा भाग वापरतात. त्यावर नाव नसते. वय, शिक्षण, राहण्याचे ठिकाण, कितवे बाळंतपण अशी मोजकी माहिती आणि एक क्रमांक, एवढेच नमुन्यासोबत जाते. त्यामुळे निकाल कोणाचा हे प्रयोगशाळेलाही सांगता येत नाही. त्या स्त्रीची स्वतःची एचआयव्ही तपासणी समुपदेशन करून, तिच्या संमतीने वेगळी होते आणि तो निकाल तिला मिळतो. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात चाचणीला संमती सक्तीची आहे. सर्वेक्षणाला त्यातून सूट आहे, पण चाचणी निनावी असली आणि कोणा एका व्यक्तीचा निकाल काढणे हा तिचा हेतू नसला तरच.

म्हणून 'सर्वेक्षण' लिहा. 'एकात्मिक रोग सर्वेक्षण' या सरकारी नावात तो शब्द रुळलेलाच आहे. अडचण एकच : घरोघरी जाऊन एकदा केलेल्या पाहणीलाही आपण सर्वेक्षणच म्हणतो. पत्रकात दोन्ही येणार असतील तर घरोघरच्या कामाला 'पाहणी' म्हणा. 'निगराणी' हिंदीतून आलेला आहे आणि त्यालाही पाळतीचाच वास येतो.

'प्रहरी केंद्र' वाचून डोळ्यांपुढे दारावरचा पहारेकरी येतो. तिथले कर्मचारी सरळ 'सेंटिनल साइट' म्हणतात. पत्रकात 'निवडक केंद्र' पुरे. कल्पना समजावायला कोल्हापूरकरांना राजाराम बंधारा पुरतो. पंचगंगेची पातळी तिथे एकाच जागी, एकाच पट्टीवर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ला धोका. त्यावरून किती घरांत पाणी शिरले ते कळत नाही, पण पाणी चढते आहे की उतरते आहे ते नेमके कळते. पट्टीची जागा बदलली तर कालच्या आकड्याशी तुलना उरत नाही. सेंटिनल केंद्रांचेही तसेच. मधेच केंद्रे वाढवली, किंवा क्रम सोडून निवडून नमुने घेतले, की कल बिघडतो.

कल आणि बाधितांची एकूण संख्या यांतला हा फरक भाषेत जपला नाही तर काय होते ते २००७ साली दिसले. तोपर्यंत भारतातल्या बाधितांचा अंदाज सुमारे ५२ लाख होता. तो एकदम २५ लाखांच्या आसपास आला. रोग निम्म्याने ओसरला नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२००५-०६) सर्वसामान्य घरांतून रक्त तपासले गेले, आणि केवळ दवाखान्यांतल्या केंद्रांवरून काढलेला अंदाज फुगलेला होता हे कळले. अशा वेळी 'बाधित घटले' हे चूक, 'अंदाज सुधारला' हे बरोबर.

'लागण' शब्दही जपून वापरा. ४००पैकी ४ नमुने बाधित आले तर ते 'बाधितांचे प्रमाण १ टक्का'. नवी लागण किती झाली हे त्यावरून कळत नाही. १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांतून एआरटीची (एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी) औषधे मोफत मिळू लागली. बाधित माणसे जास्त जगू लागली, की नवी लागण घटत असतानाही प्रमाण टिकून राहते. आणि ४००मध्ये २चे ४ झाले म्हणून 'एचआयव्ही दुप्पट' असा मथळा देऊ नये. एवढ्या नमुन्यात ४ आले, तर खरे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खालीही असू शकते आणि दोनच्या वरही. म्हणून एका केंद्राच्या एका फेरीवर न थांबता अनेक केंद्रांचे, अनेक फेऱ्यांचे आकडे एकत्र पाहतात.

सगळे देश असेच करतात असे मात्र लिहू नका. अमेरिकेत निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची नावानिशी, पण गोपनीय, नोंद आरोग्य खात्याकडे होते. तिथे 'रुग्णनोंद' हा शब्द योग्य.

पत्रकातले वाक्य असे करता येईल : 'निवडक केंद्रांवर ठरावीक काळाने, नाव न नोंदवता रक्ताचे नमुने तपासून एचआयव्हीच्या प्रसाराचा कल पाहिला जातो, याला एचआयव्ही सर्वेक्षण म्हणतात.' आणि सरसकट 'एड्सग्रस्त' नको, 'एचआयव्हीबाधित' लिहा. विषाणू शरीरात असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला नसतो.