जखम भरली, पण मूठ वळत नाही

प्रश्न : ताई, माझा भाऊ हर्णैला मासेमारीच्या बोटीवर खलाशी आहे. फेब्रुवारीत केबिनमध्ये चहा टाकताना गॅस भडकला आणि त्याचा उजवा हात बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत भाजला. मांडीची कातडी काढून हातावर बसवली. जखमा भरल्यात, म्हणून महिन्यापूर्वी मी त्याला इकडे कारेलीबागेत आणलं. पण रात्रभर हात खाजतो, कोपर सरळ होत नाही, मूठ वळत नाही. घट्ट हातमोजा दिला होता, तो उकाड्यात त्याने काढून टाकला. मी शेगडी पेटवली की उठून गॅलरीत जातो. आणि म्हणतो, नारळी पौर्णिमेला बोटीवर चढणारच.
— एक बहीण, वडोदरा

उत्तर : ताई, आधी तो हातमोजा शोधा. आजच.

मी भाजलेल्यांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून आयुष्य काढलं. घरी सोडताना ‘जखम भरली’ एवढंच सांगतात, आणि घरच्यांना वाटतं संपलं. खरं तर व्रण त्यानंतर वर्ष-दीड वर्ष, कधी दोन वर्षंही आतून जाड होत आणि आखडत राहतो. भावाच्या हातावरच्या लाल भागावर अंगठा दोन सेकंद दाबून पाहा. पांढरा पडून लगेच पुन्हा लाल झाला, तर व्रणाचं काम अजून चालू आहे. तोवर आपलंही चालू हवं.

व्रण दाबून ठेवणारा हा हातमोजा दिवसाचे 23 तास घालायचा असतो, आंघोळ आणि मालिशपुरता काढायचा. मे महिन्यात वडोदऱ्यात हे सांगणं सोपं आहे, पाळणं कठीण, कल्पना आहे मला. त्यातून बसवलेल्या कातडीला घाम येत नाही, म्हणून तो हात जास्तच तापतो. दोन जोड करून घ्या, एक धुवा, एक घाला. साध्या साबणाने, कोमट पाण्यात, आणि वाळवणं सावलीत. दुपारी कूलरसमोर बसू दे. तीनेक महिन्यांत इलॅस्टिक सैल पडतं, तेव्हा नवं माप द्यावं लागतं.

खाजेसाठी दिवसातून चार-पाच वेळा बिनवासाचं क्रीम किंवा खोबरेल तेल. नुसतं चोपडू नका, अंगठ्याने दाबून गोल गोल फिरवा. या कातडीला स्वतःचा तेलकटपणा उरलेला नसतो, कोरडी पडली की खाज वाढते. तरी झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडून गोळी घ्या, त्यात संकोच नको.

आता कोपर. तो हात छातीशी दुमडून झोपत असेल, बघा. दुखऱ्या हाताला तसंच बरं वाटतं, आणि हात तसाच आखडतो. कढईतल्या तेलाने भाजलेला एक फरसाणवाला माझ्याकडे आला होता. सहा महिने हात गालाखाली घेऊन झोपला आणि शेवटी कोपर सोडवायला ऑपरेशन करावं लागलं. त्याच्या बायकोचा एकच प्रश्न होता, ‘हे आधी का नाही सांगितलं?’ म्हणून तुम्हाला सांगते : रात्री कोपर सरळ ठेवणारा स्प्लिंट, म्हणजे मापाने बनवलेला कडक आधार, हवा. पंजासाठी वेगळा, त्यात मनगट थोडं वर, बोटांची मुळं वाकलेली आणि पुढे बोटं सरळ. हे घरी फळी बांधून करू नका. सयाजी हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागात दाखवा, जुने कागद बरोबर न्या.

मूठ वळत नाही कारण हाताच्या पाठीवरची कातडी आखूड पडते. मालिश झाल्यावर, कातडी मऊ असताना, डाव्या हाताने बोटं हळूहळू मुठीत दाबायची. कातडी ताणून पांढुरकी झाली की तिथेच तीस मोजायचे. झटका नको. दुखेल, पण चीर पडली तर थांबा. असं प्रत्येक मालिशनंतर.

शेगडीचा आवाज ऐकून तो उठतो, त्याला ‘पुरुषासारखा पुरुष असून घाबरतोस?’ असं कुणी म्हणू नका. स्वप्नं पडत असतील, दचकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ हा त्याच उपचाराचा भाग आहे.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी 31 जुलैला उठते आणि घरात पैसा लागतो, हे मी समजू शकते. पण नव्या कातडीला स्पर्श नीट कळत नाही. दोर घासून फोड आला, बर्फाने चटका बसला, तरी त्याला उशिरा समजेल. खारं पाणी आणि ऊन वेगळंच. ही नारळी पौर्णिमा किनाऱ्यावरून बघू दे. परत जाईल तेव्हा नाखव्याला सिलिंडर केबिनबाहेर, उघड्यावर बांधायला सांगावं. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने पेटतो.

कुठे जखम पुन्हा उघडून दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर सर्जनला दाखवा, ती वर्षांनंतर उघडली तरीही.

आणि एक करा. हर्णैहून फाटक्या जाळ्याचा तुकडा, दोरा आणि विणायची सुई मागवा. चिमटीत सुई धरणं, गाठ आवळणं, दोरा ओढताना कोपर लांब करणं, मी शिकवते ते सगळे व्यायाम त्यात आहेत. पहिल्या दिवशी दहा गाठी पुरेत.